नसलेल्या नोकरीचा विमा

सही केली एक लाख वीस हजारावर,
हातात आले एक लाख अकरा हजार चारशे.
मधले कुठं गेले, तेव्हा विचारलं नाही.
मोटर टेम्पोतून उतरत होती, हमालाला घाई,
आणि बँकेतल्या त्या पोरानं इतक्यांदा 'वहिनी' म्हटलं होतं
की हिशेब मागणं बरं दिसलं नसतं.

तेरा वर्षं झाली. कर्ज फिटलं,
मागसुद्धा गेले, भंगाराच्या भावानं.
परवा गल्लीतल्या सांबरेकरांच्या खात्यात सात हजार आले.
विम्याचे, म्हणे,
न सांगता गळ्यात मारलेल्या विम्याचे.

मी ट्रंक उपडी केली. माळ्यावर चढले.
आमची फाईल
पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत
वाळवीनं वाचली होती.
घरात तेवढी तिनंच वाचली, अटी-शर्तींसकट.

"कागद इल्लंद्रे एनू आगल्ला, अक्का,"
हिरेमठ सर म्हणाले, वाईट वाटून म्हणाले.
मी म्हटलं, सर, माझ्याकडची ती नक्कल.
अस्सल तुमच्याकडं.
वाळवी माझ्या घरात लागली, तुमच्या कंप्युटरात न्हवं.

मग तारीख विचारली.
तारीख कुठली सांगू? मोटर आली
तो वडगावातल्या मंगाईच्या जत्रेचा आदला दिवस,
वाटेत मंडपाचे बांबू, म्हणून टेम्पो दोन तास अडकलेला.
रेणुकानं मोबाईलवर ती जत्रा हुडकली,
त्या वर्षीची, तो मंगळवार,
आणि एक दिवस मागं सरकली.

नाव?
परशराम धामणेकर.
नाही म्हणालं मशीन.
परशुराम बघा. नाही.
रेशन कार्डावर धामनेकर, लाइट बिलावर नुसतंच धामणे,
कन्नडमधनं इंग्रजीत जाताना कुठंतरी
एक काना गळलेला, एक ण वाकलेला.
एका माणसाला एवढी नावं,
आणि माणूस बाहेर बाकावर बसलेला,
चाळीस वर्षांच्या खटखटीनं दोन्ही कानांनी गेलेला,
"काय म्हणतोय? काय म्हणतोय?" करत.

सातव्या स्पेलिंगला सापडलं.
आठ हजार सहाशे, त्याच सोमवारी, एका ओळीत.
हिरेमठ सरांनी चष्मा वर केला, वाचलं:
कर्जदाराची नोकरी गेल्यास सहा हप्ते कंपनी भरेल.

मी बाहेर जाऊन त्यांच्या कानात ओरडले.
नोकरी, म्हटलं. तुमची नोकरी.
"कुठली नोकरी?" ते म्हणाले,
सगळ्या बँकेला ऐकू गेलं.
"चौदाव्या वर्षापासनं मागावर हाय मी.
कुणाची नोकरी करायची नव्हती
म्हणून तर कर्ज काढलं!"

हिरेमठ सर हसले.
मग हसायचे थांबले, आणि एक कोरा फॉर्म ओढला.
स्वतःच भरला, भराभर, गोल गोल अक्षरात.
मराठीत मिळेल का, हे विचारायची सवय
मोडून किती वर्षं झाली काय की.
फुलीची खूण केली, म्हणाले, इथं सही.

पेन हातात घेतलं
आणि मला तो टेम्पो दिसला,
तो घाईतला हमाल.
पेन खाली ठेवलं.
सर, आधी वाचून दाखवा.
आम्हाला कळतंय कन्नड. वाचता येत नाही एवढंच.

मागं रांग होती. कुणीतरी च्यक् केलं.
त्यांनी वाचलं. सगळं.
दोन जागी मी थांबवलं,
एका जागी नाव दुरुस्त करून घेतलं:
परशराम. रा ला काना.
मग सही केली.

पैसे अजून आलेले नाहीत.
पोचपावती तांदळाच्या डब्यात नाही,
रेणुकाच्या मोबाईलमध्ये, माझ्या मोबाईलमध्ये,
आणि सांबरेकरांच्यासुद्धा. वाळवीला चार घरं फिरू दे.

येताना रिक्षात ते गप्पच होते.
गोवावेशीच्या सिग्नलला, बहिऱ्याच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले,
"खरं मग माझी नोकरी
गेली कधी म्हणायची?"
रिक्षावाला मागं वळून बघाय लागला.
सिग्नल सुटला तरी.